मदत हवी आहे: आजींनी महिना 'भादवा' सांगितला, जीसीएसमध्ये (शुद्धीचा स्कोअर) व्ही (बोलणं) ४ की ५?

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, आयसीयूत येऊन दीड महिना झालाय. परवाच्या नाईटबद्दल विचारायचंय.

७८ वर्षांच्या आजी. गोठ्यात पाय घसरून पडल्या, सिटी स्कॅनमध्ये मेंदूवर डावीकडे थोडं रक्त साकळलेलं दिसलं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, म्हणून दर तासाला जीसीएस, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद. सरांची ऑर्डर अशी की एक पॉइंट जरी उतरला तरी कळवा.

ड्यूटीचा ओव्हर (चार्ज) घेतला तेव्हा चार्टवर नुसतं १५, म्हणजे पूर्ण. दहाला मी विचारलं. नाव बरोबर. कुठे आहात? "दवाखान्यात आणलं की पोरानं." महिना कोणता? "पोळा झाला नं माय, भादवा लागला." मी 'सप्टेंबर'ची वाट बघत उभी. परत विचारलं तर चिडल्या, "बहिरी हाएस का?" (डाव्या कानाने त्याच बहिऱ्या आहेत.) मी व्ही ४ (गोंधळलेलं बोलणं), टोटल १४ लिहून आरएमओंना (ड्यूटीवरचे डॉक्टर) उठवलं. ते आले, आजींशी दोन मिनिटं बोलले, १५ केलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, आज तिथी कोणती?" मला कुठली येतेय.

पुढे चारला आजींना उठवलं, तर कुठे आहात याला "घरी" म्हणाल्या. आत्ताच बोलणी खाल्लेली, परत फोन करायचा धीर झाला नाही. पाच मिनिटांनी विचारलं, "दवाखान्यात". मी १५ लिहून टाकलं. तेव्हापासून मनात टोचतंय. बरोबर केलं का?

अजून एक. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती बाहुली वेडीवाकडी आहे, टॉर्चला जेमतेम हलते. काय लिहायचं?

न्यूरोवाली ताई:
भादवा खरंच लागला होता ना? मग ५. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगोत हे स्केल मांडलं, त्यात माणसाला आपण कोण, कुठे आणि काळवेळ काय एवढं कळतंय का ते बघायचं असतं. कॅलेंडर कोणतं हे कुठेही लिहिलेलं नाही. आमच्याकडे शेतकरी पेशंटला सणवारच विचारतो.

चारचं मात्र चुकलं. "घरी" हे उत्तर चार्टवर यायला हवं होतं. ४:०० ला व्ही ४, ४:०५ ला व्ही ५, दोन्ही लिहायचे आणि फोन करायचा. म्हातारं माणूस झोपेतून उठताना गोंधळतं हे खरं, पण रक्त वाढतानाही सुरुवात अशीच होते. दोन्हींतला फरक आपण बेडपाशी उभं राहून ठरवायचा नसतो. आरएमओ ओरडले तर ओरडू देत.

आणि नुसती टोटल लिहू नका गं. १४ म्हणजे ई (डोळे उघडणं) ३ व्ही ५ एम (हालचाल) ६ असेल, नाहीतर ई ४ व्ही ५ एम ५. पहिली झोपलेली आजी, दुसरीला सांगितलेलं करता येईना झालंय. दुसरीसाठी मी धावत जाईन.

एमडी मेडिसिन:
ताईंशी सहमत. रात्री आधी पूर्ण जागं करा, लाईट लावा, उजव्या कानाशी बोला, मग स्कोअर करा. बाहुलीचं: मिलिमीटरमध्ये माप, आकार, आणि 'ऑपरेशन झालेला डोळा' असं पहिल्या नोंदीतच लिहून ठेवा, म्हणजे पहाटे तीनला कुणी दचकणार नाही. रक्त डावीकडे आहे, त्यामुळे डावी बाहुली मोठी किंवा मंद होतेय का यावर जास्त लक्ष.

ताकद बघताना नुसता 'हात दाबा' पुरत नाही. दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटून दहा सेकंद. उजवा तळवा आत वळून हात हळूहळू खाली येऊ लागला, तर जीसीएस १५ असूनही मला उठवा.

धागाकर्ती:
आभारी आहे. काल हात धरायला सांगितले तर आजी म्हणाल्या, "परसाद देतीस का?" दोन्ही हात जागच्या जागी होते. चारची चूक इन्चार्ज सिस्टरना सांगितली, सरांनाही कळवलं. दुसरी सिटी पहिल्यासारखीच आली. आता ओव्हर घेताना आम्ही दोघी मिळून बेडपाशी आजींना विचारतो. काल तिथीही पाहून गेले होते, पण आजींनी विचारलीच नाही.