मदत हवी आहे: ७८ वर्षांच्या आईला झेपेल असा व्यायाम, साखर न उतरता
आईला टाइप २ मधुमेह, २२ वर्षं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. वर्षभरात पाच किलो वजन उतरलंय, तळपाय बधिर. डोळे, हृदय तपासून झालंय. डॉक्टर म्हणतात चालत राहा, पण संध्याकाळच्या फेरीनंतर एकदा साखर ६२ पर्यंत उतरली आणि बाईसाहेब म्हणे, "उकाड्याचा घाम आहे गं!" तेव्हापासून फेरी बंद. मांडी घालून आसनं जमत नाहीत. सध्या ओट्याला धरून टाचा उचलणं आणि हात टेकून खुर्चीतून पाच वेळा ऊठबस, एवढंच. दुसरा मजला, लिफ्ट नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी परवडेल. तुमच्याकडे असं कुणी असेल तर ताकदीचे व्यायाम गोळी-जेवणानंतर किती वेळाने करवून घेता? आणि साखर उतरल्याची लक्षणं त्यांना पटतील अशी कुणी, कशी शिकवली?