बेलारूसच्या पहिल्या राष्ट्रप्रमुखाला खरंच दोन डॉलरपेक्षा कमी पेन्शन होतं का?

मांद्र्याची_वैनी

नमस्कार मंडळी. आम्ही घरातल्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. यंदा जानेवारीत मिन्स्कच्या एक आजी तीन आठवडे राहून गेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना रशियन म्हटलं, तर हातातला कप खाली ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "बेलारूस." पुन्हा ती चूक केली नाही.

संध्याकाळी त्या सोप्यावर आमच्या सासऱ्यांशेजारी येऊन बसायच्या. फोनवरच्या भाषांतरावर दोघांचं बरं जमलं. सासरे तलाठी म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे गोष्ट पेन्शनवर आलीच. आजी म्हणाल्या, आमच्या पहिल्या राष्ट्रप्रमुखाला, शुश्केविचना, महिन्याला दोन डॉलरसुद्धा मिळत नव्हते. सासरे मानायला तयार नाहीत. म्हणतात, भाषांतरात शून्यं गळली असणार. आता आजी परत गेल्या, विचारू कुणाला? हे शुश्केविच कोण, आणि त्यांच्यावर ही पाळी का आली?

फोंडा_मास्तर

वैनी, शून्यं गळलेली नाहीत. तुमच्या सासऱ्यांना महागाई भत्ता मिळतो, शुश्केविचना तो मिळाला नाही, एवढंच सांगा. तलाठी माणूस बाकीचं आपोआप समजेल. पेन्शनचा आकडा तिथेच राहिला आणि रूबल घसरत गेला. २००२ साली त्यांनी मंत्रालयावर दावा लावला तेव्हा ती रक्कम महिन्याला १.८० डॉलर उरली होती. पोलंड, अमेरिका असं परदेशी विद्यापीठांत व्याख्यानं देऊन ते घर चालवत.

मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि स्वतः शिकलो ते मॉस्कोच्या मीर प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांवर. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. स्तानिस्लाव शुश्केविच हे पदार्थवैज्ञानिक. जन्म मिन्स्क, १९३४. वडील कवी होते. मुलगा दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १९३६ साली, स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना उचललं. छावण्या आणि हद्दपारी संपवून ते परतले १९५६ साली. त्याच वर्षी मुलगा विद्यापीठातून पदवीधर होऊन बाहेर पडला.

एक गोष्ट कुणालाही सांगितली की डोळे विस्फारतात. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता त्या काळात शुश्केविच मिन्स्कच्या रेडिओ कारखान्यात इंजिनियर होते. तिथे कामाला आलेल्या एका अमेरिकन तरुणाला रशियन शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. तो ली हार्वी ऑस्वाल्ड. पुढे १९६३ साली केनेडींच्या खुनात ज्याचं नाव आलं, तोच.

राजकारणात ते उशिरा आले, पन्नाशी ओलांडल्यावर. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटातला किरणोत्सार सगळ्यांत जास्त बेलारूसच्या मातीवर पडला आणि सरकार ते लपवत होतं. किरणोत्सार म्हणजे काय हे ज्याला कळतं, तो माणूस अशा वेळी गप्प कसा बसेल? १९८९ साली ते सोव्हिएत लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले, सप्टेंबर १९९१ मध्ये बेलारूसच्या संसदेचे अध्यक्ष झाले. तेव्हा राष्ट्राध्यक्षपद नव्हतंच, म्हणून तेच राष्ट्रप्रमुख.

८ डिसेंबर १९९१. बेलावेझाचं जंगल, विस्कुली नावाची शिकारीची कोठी. तिथे झुब्र नावाचा रानबैल असतो, आपल्या गव्याचा थोराड, केसाळ भाऊबंद म्हणा. रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्राव्चुक आणि शुश्केविच तिथे जमले होते ते हिवाळ्यासाठी तेल आणि गॅस कसा मिळेल हे बोलायला. सही झाली ती सोव्हिएत संघ संपल्याच्या कागदावर. सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्हना फोन करून सांगायचं काम शुश्केविचकडे आलं, येल्त्सिननी अमेरिकेच्या बुशना फोन लावला. बुशना आधी कळलं म्हणून गोर्बाचेव्ह भडकले.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम ते नव्हेच. देशाच्या जमिनीवर सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं उभी होती. त्यांत फिरत्या गाड्यांवरची ८१ टोपोल नावाची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं. ती ठेवून घेऊन किंमत मागावी, असं सुचवणारे होते. शुश्केविच म्हणत, ही आपल्या जमिनीवर आहेत तोवर आपणच निशाणा. फेब्रुवारी १९९३ मध्ये संसदेने अण्वस्त्र प्रसारबंदी कराराला मान्यता दिली. शेवटचं क्षेपणास्त्र १९९६ च्या नोव्हेंबरात गेलं, पण तोवर हे खुर्चीवर नव्हते.

खुर्ची कशी गेली? लुकाशेंको नावाच्या एका खासदाराने, जो आधी सरकारी शेतीचा संचालक होता, भ्रष्टाचारविरोधी समितीच्या वतीने यादी वाचली. त्यात शुश्केविचवर आरोप काय, तर सुटीतल्या घरासाठी सरकारी खिळे वापरले. खिळे! १५ जानेवारी १९९४ ला क्लिंटन मिन्स्कमध्ये त्यांना भेटून गेले, आणि २६ तारखेला संसदेने त्यांना काढलं. आरोप कधीच सिद्ध झाला नाही. उन्हाळ्यात पहिली राष्ट्राध्यक्ष निवडणूक झाली. शुश्केविच चौथे आले, सुमारे १० टक्के मतं. जिंकले लुकाशेंको.

मला त्यांचा दोषही दिसतो. सत्तेवर असताना स्वतःचा पक्ष बांधला नाही. पैसा आणि प्रशासन पंतप्रधान केबिच यांच्या हाती राहिलं. आपण बरोबर आहोत हे नीट समजावून सांगितलं की लोक ऐकतील, असं त्यांना वाटत असावं. वर्गात ते चालतं.

साखळीचा_डॉक्टर

मास्तरांना नमस्कार. मी बेलारूसमधल्या ग्रोद्नो शहरात सहा वर्षं वैद्यकीय शिक्षण घेतलं. वैनी, तुमच्या आजींनी कप खाली का ठेवला ते मला लगेच कळलं. १९९० च्या कायद्याने बेलारूशियन ही एकमेव राजभाषा झाली होती, १९९५ च्या सार्वमताने रशियनला बरोबरीचा दर्जा मिळाला, आणि आता शहरात बहुतेक रशियनच कानावर पडते. मी बाजारात बटाटे घेताना आभाराला रशियन "स्पासिबा"ऐवजी बेलारूशियन "द्झ्याकुय" म्हणालो, तर म्हातारीने दोन बटाटे वर टाकले. त्याच सार्वमतात देशाचा पांढरा-लाल-पांढरा राष्ट्रध्वजही गेला. भाषेवरून गोव्यात आपण किती रस्त्यावर उतरलो ते आठवून बघा, म्हणजे त्या बायकांच्या मनातलं कळेल.

मांद्र्याची_वैनी

मास्तर, डॉक्टर, दोघांचेही आभार. सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. खिळ्यांच्या ठिकाणी त्यांनी दोनदा थांबवलं. महागाई भत्त्यावर लगेच म्हणाले, "मग बरोबर आहे, असं होऊ शकतं." आता त्यांचा एकच प्रश्न आहे: ती क्षेपणास्त्रं परत तर नाही ना आली?

फोंडा_मास्तर

तीच टोपोल नाहीत. पण १९९४ च्या राज्यघटनेत बेलारूस अण्वस्त्रमुक्त आणि तटस्थ राहील असं एक कलम होतं. २७ फेब्रुवारी २०२२ च्या सार्वमताने ते काढलं, रशियाचं सैन्य बेलारूसमधून युक्रेनमध्ये शिरल्यावर तीन दिवसांनी. २०२३ मध्ये रशियाने तिथे पुन्हा अण्वस्त्रं ठेवत असल्याचं जाहीर केलं. ते शुश्केविचना बघावं लागलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात, ८७ व्या वर्षी, ते मिन्स्कमध्ये गेले. कलम गेलेलं मात्र त्यांनी पाहिलं.