मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाला वेळापत्रकातला बदल कसा दाखवावा?

नमस्कार. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. पट मोठा, मदतनीस नाही. वर्गातल्या एका मुलाला ऑटिझम आहे. निदान झालंय, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. तो बोलतो थोडंच, पण चित्रं पटकन ओळखतो. म्हणून बाकावर दिवसाची चित्रपट्टी लावली: परिपाठ, गणित, पोषण आहार, खेळ, घरी. झालेलं चित्र तो स्वतः काढून डबीत टाकतो. याने खरंच खूप फरक पडला.

अडतं ते अचानक बदल झाला की. पावसामुळे खेळाचा तास गेला, तर तो कान झाकून बाकाखाली जातो, कधी स्वतःचा हात चावतो. त्याला ओढून बाहेर काढायचं नाही, यावर मी ठाम आहे. 'बदल' म्हणून लाल फुलीचं कार्ड वापरून पाहिलं, तर फुली दिसताच जास्त घाबरतो. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षिका येतात, पण त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत. घरीही हीच चित्रं वापरतात.

औषध-थेरपी डॉक्टर बघताहेत, ते विचारत नाही. बदलाचं कार्ड आधी त्याच्या आवडीच्या बदलांसाठी वापरून सवय लावावी का? आणि भरलेल्या वर्गात हे कोणी प्रत्यक्ष कसं केलंय?