माउंटन डल्सिमर: सूर बरोबर लागतात, पण गाणं कोरडं. मदत हवी आहे

शेवंती:

आधीच सांगते, हे संतूरसारखं काड्यांनी वाजवायचं डल्सिमर नव्हे. शोधायला गेलात तर तेच पुढे येईल. ते हॅमर्ड डल्सिमर, आणि नावापलीकडे या दोघांचं फारसं नातं नाही. माझं माउंटन डल्सिमर, इथल्या अपलाचियन डोंगरांतलं. मांडीवर आडवं ठेवायचं, डाव्या हाताने पडदे दाबायचे, उजव्या हाताने पिक फिरवायचं. तारा तीन, पण माझी सुराची तार जोडीची आहे, म्हणून चार. बाकीच्या दोन तारा सा-प धरून वाजत राहतात. मला या वाद्याने ओढलं ते त्यामुळेच, घरात तंबोरा लागल्यासारखं वाटतं.

मी टेनेसीत, नॉक्सव्हिलला असते. समोरच्या आजी घर आवरून मुलीकडे राहायला गेल्या, जाताना हे मला देऊन गेल्या. त्याला दहा महिने झाले. लहानपणी हार्मोनियमवर प्रवेशिका पूर्ण केली होती, त्यामुळे सूर शोधायला वेळ लागला नाही. शिकाऊ लोकांच्या पंधराएक धुना बिनचूक वाजतात. बिनचूक, आणि तेवढंच. रेकॉर्ड करून ऐकलं तर शिलाई मशीन चालल्यासारखं. नवरा ऐकून म्हणाला, "छान! संपलं का?" तेव्हा अर्धंच झालं होतं.

पातळ पिक झालं, जाड पिक झालं, मेट्रोनोम झाला. मींड काढायला गेले तर जोडीतली दुसरी तार आडवी येते आणि दोन्ही बेसूर होतात. तारा डी-ए-डी अशा लावल्यात, म्हणजे खर्जाची सा, मधली प, सुराची पुन्हा सा. भाव आणायचा तर नेमकं काय बदलू?

उगाच_एक:

खुलासा वाचूनही डोळ्यांसमोर संतूरच आलं. चालू द्या, वाचतोय.

घाटावरचा:

ताई, मी व्हर्जिनियात आहे, सहा वर्षं हेच वाद्य बडवतोय. दोन प्रश्न. प्रत्येक मात्रेला तिन्ही तारांवरून पिक फिरवता का? आणि वाजवताना गाता का?

पहिल्याचं उत्तर हो असणार, सगळे तेच करतात. इथे 'धाऽ तिट, धाऽ तिट' असा स्ट्रम पहिल्या दिवशी शिकवतात आणि तो हातातून जाता जात नाही. सगळ्या तारा फक्त 'धा'वर घ्या. 'तिट'ला सुराचीच तार छेडा, तीही हलकी. सुराची तार आपल्या अंगाकडे असते, त्यामुळे हात बाहेरच्या दिशेने गेला की ती आधी वाजते, आत आला की शेवटी. धून उठून दिसायला हवी तिथे बाहेरचा हात. आणि जिथे ओळ संपते तिथे हात चक्क थांबवा. तारा वाजतच असतात, सतत ढवळायची गरज नाही.

मींडेचा नाद मात्र सोडा. सतारीचे पडदे वक्र आणि रुंद, तार ओढायला जागा असते. इथे अरुंद पट्टी. पण नोटर मिळतो का बघा, म्हणजे बोटभर लांबीची लाकडी किंवा बांबूची काडी. अंगठ्याखाली धरायची, तर्जनी पट्टीच्या कडेला टेकवून सरकवायची. जुने लोक असंच वाजवत. काडी न उचलता सरकवली की मधले पडदे ओझरते बोलतात, घसीट म्हणा हवं तर. शिवाय नोटरला जोडीची तार चालते, उलट तिनेच आवाज भरदार होतो. बोटांनीच वाजवायचं असेल तर जोडीतली एक तार काढून ठेवा, बरेच जण तसंच करतात.

मिरजवाली:

मी सतार शिकते, हे वाद्य पहिल्यांदाच ऐकलं. पडद्यांत बाराही स्वर नाहीत का?

शेवंती:

नाहीत, तीच गंमत आहे. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या ठेवल्या तर काय होईल, तसं. एकाच, म्हणजे सुराच्या, तारेची खुंटी पिळायची आणि सा वेगळ्या पडद्यावर न्यायचा. डी-ए-डी लावलं की मोकळी तार सा, आणि पडदे खमाज थाटाचे. डी-ए-ए लावलं की सा तिसऱ्या पडद्यावर, बिलावल. डी-ए-सी केलं तर सा पहिल्यावर, आसावरी. डी-ए-जी केलं तर सा चौथ्यावर, काफी. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती! हल्लीच्या वाद्यांत सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक जास्तीचा पडदा असतो, साडेसहावा. त्याने डी-ए-डीमध्ये शुद्ध नी मिळतो.

@घाटावरचा, गात नाही. पट्टी जमत नाही.

मिरजवाली:

अहो, मग दुखणं हेच आहे. आमच्याकडे गत हातात देण्याआधी ती गाऊन घेतात. गळ्यात नाही ते बोटांत कुठून येणार? कुठली पट्टी तुमची?

शेवंती:

काळी चार. आणि हे वाद्य पांढरी दोन. वर धरलं तर किंचाळते, खाली धरलं तर आवाजच निघत नाही. सगळं वाद्य चढवायला गेले तर तार तुटायची.

घाटावरचा:

सगळं कशाला चढवता? मधली तार एक स्वर उतरवा, ए ची जी करा. आता लावलंय डी-जी-डी. मधली तार सा झाली, खर्जाची तार प. सुराच्या तारेवर सा तिसऱ्या पडद्यावर आला, म्हणजे बिलावल, आणि साच्या खाली मंद्र प, ध, नी हाताशी. पट्टी पांढरी पाच, तुमच्या काळी चारच्या अर्धा स्वरच खाली. जमवून घ्याल.

सुरुवातीला भूप घ्या: ३, ४, ५, ७, ८, १० हे पडदे, साडेसहाव्याची भानगडच नाही. इथल्या कानाला तो परका नाही. सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात या डोंगरांत गाणी गोळा करत फिरले, त्यांनाही पाच स्वरांच्या चाली भरपूर सापडल्या होत्या.

आणि जीन रिची ऐका. १९२२ साली केंटकीतल्या वायपर गावी जन्म, चौदा भावंडांत धाकट्या. हे वाद्य डोंगराबाहेर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. ऐकताना बोटांकडे लक्ष नको. आवाजाखाली वाद्य किती कमी वाजतंय ते बघा.

उगाच_एक:

अवांतर: भूप हे नाव वाचून बरं वाटलं. संतूर डोळ्यांसमोरून गेलं.

शेवंती:

उशिरा लिहितेय, मध्ये अठरा दिवस गेले.

पहिला आठवडा पिकला हात लावला नाही. मधली तार उतरवली, अंगठ्याने सा-प छेडत नुसती भूपाची सरगम गायले. मग गाणं चालू ठेवून फक्त सुराची तार. खूप चुकले. गळा ज्या जागी श्वास घेतो तिथे हात थांबत नाही, तो आपला धाऽ तिट करत पुढे. दहा महिन्यांची खोड. शेवटी श्वासाच्या जागी पिक तोंडात धरायला लागले (हसू नका), म्हणजे हाताकडे वाजवायला काही उरतच नाही. चारेक दिवसांनी त्याला कळलं.

नोटर बांबूच्या कुंडीकाठीचा केलाय, पॉलिश पेपरने घासून. आधी करकरत होता, आता कमी. प वरून सा कडे सरकताना मध्ये ध नुसता चाटून जातो, पण नीसुद्धा येतो आणि भूप बिघडतो! तिथे काडी उचलावी लागते. म्हणजे घसीट कुठे आणि उचल कुठे हे रागच ठरवतोय.

काल रेकॉर्डिंग ऐकलं. मशीन नाहीये आता. दोन ओळी तर मला माझ्याच वाटल्या.

एक अडचण उरलीय. उतरवलेली मधली तार जोरात छेडली की पडद्यांना लागून खडखडते. जवारीसारखं गोड नाही, पत्र्यासारखं. घोडी उंच करू की तार बदलू?

घाटावरचा:

घोडीला हात लावू नका, बाकीच्या तारा दाबायला जड होतील. तारच एक नंबर जाड घ्या. आत्ता ०.०१४ इंची असेल तर ०.०१६. शेवटाला गोळी आहे की फास, ते जुनी तार काढून बघा आणि मगच मागवा. मी दोनदा चुकीची मागवलीय.

शेवंती:

फास आहे. मागवते.