सोल्डर मास्क पॅडच्या कडेने का सुटतो?
घरी बनवलेल्या सर्किट बोर्डावरचा सोल्डर मास्क (तांब्याच्या रेषा झाकणारा, अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या शाईचा थर) डाग देताना पॅडच्या (सुटे भाग जोडायच्या उघड्या तांब्याच्या ठिपक्यांच्या) कडेने सोलून निघतो, या आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा शाईत नसून तांब्याच्या स्वच्छतेत आणि थराच्या जाडीत असावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात घासलेले तांबे रात्रभर उघडे राहिले, तर सकाळी त्यावर बोटांचे तपकिरी ठसे दिसतात. म्हणून मी बोर्ड स्पिरिटने पुसून लगेच शाई लावतो. पॅड काळे छापलेल्या पारदर्शक फिल्मखाली शाईचा थेंब जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे सारावा. खालच्या रेषा स्पष्ट दिसतील इतकाच थर पुरे, कारण जाड थरातले रंगद्रव्य अतिनील प्रकाश तळापर्यंत पोहोचू देत नाही. फिल्मवरून अतिनील दिव्याचा प्रकाश दिला, की काळ्या पॅडखालची सोडून बाकी शाई कडक होते. उन्हातही ती कडक होते, पण आमच्याकडच्या जुलैतल्या उन्हाचा काय भरवसा! पॅडवरची ओली शाई पुसल्यावर बोर्डाला पुन्हा प्रकाश द्यावा.