मदत हवी आहे: शातो गायारमध्ये फ्रेंच शिपाई घुसले कुठून?

नमस्कार मंडळी,

रविवारी आमच्या ट्रेकच्या ग्रुपात मला शातो गायारवर बोलायचंय. फ्रान्सच्या नॉर्मंडीत लेझांदली गावाच्या डोक्यावर, सेन नदीच्या वळणावर हा किल्ला आहे. गेल्या वर्षी पाहून आलो. गावात रेल्वे नाही, आणि शेवटचा चढ चांगलाच दमवतो.

बाकीचा इतिहास जुळवलाय. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होतं. इंग्लंडच्या रिचर्ड द लायनहार्टने ११९६ ते ११९८ या दोन वर्षांत किल्ला उभा केला, नदीकाठाने नॉर्मंडीच्या राजधानीवर, रुआँवर, चालून येणाऱ्या फ्रेंचांना अडवायला. जागा रुआँच्या आर्चबिशपची. तो इतका चिडला की नॉर्मंडीभर धर्मविधी बंद! भांडण पोपपर्यंत गेलं आणि आर्चबिशपला दिएप बंदर वगैरे देऊन मिटलं. ११९९ मध्ये रिचर्ड गेला, भाऊ जॉन गादीवर आला आणि १२०३ मध्ये फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याने वेढा घातला. दाणागोटा पुरेना म्हणून किल्लेदार रॉजर द लेसीने आसऱ्याला आलेले गावकरी बाहेर काढले. शेवटच्या लोकांना फ्रेंचांनीही वाट दिली नाही. किल्ला आणि वेढ्याच्या मधे, भर थंडीत, त्यातले कितीतरी उपाशी मेले. त्या उताराचे मी काढलेले फोटो आता बघवत नाहीत.

अडलंय ते पुढे. बाहेरचा कोट सुरुंगाने पाडला. पण मधल्या कोटात शिरले कसे? एक पुस्तक म्हणतं शौचकूपातून, दुसरं म्हणतं प्रार्थनाघराच्या खिडकीतून. ग्रुपला शौचकूपच आवडणार, पण उगाच थाप नको मारायला. कुणी खोलात वाचलंय का?

प्रतिसाद:
दोन्ही पुस्तकं एकाच इमारतीबद्दल बोलतायत. जॉनने तटाला लागून ती बांधली होती, वर प्रार्थनाघर आणि खाली शौचकूप. फिलिपचा पुरोहित गियोम ल ब्रेतोंने वेढ्याची हकिकत लिहिलीय, तीत ही रचना धर्माला सोडून असल्याचा टोमणाही आहे. त्याच्या हकिकतीत शिपाई चढतात ते खिडकीतून. तेव्हा खिडकीच सांगा, शौचकूप तोंडी लावायला.

आणि ‘सुरुंग’ म्हणताना जपून, आपल्याकडे लगेच दारू डोळ्यांपुढे येते. तेव्हा तिथे दारू नव्हती. पाया पोखरायचा, लाकडी टेकू द्यायचे, मग ते पेटवायचे.

धागाकर्ता:
बरं झालं सांगितलंत! माझ्या स्लाइडवर स्फोटाचं चित्र होतं. काढतो. ६ मार्च १२०४ ला किल्ला पडला, ते तरी बरोबर ना?

प्रतिसाद:
बरोबर. जूनमध्ये रुआँही गेलं.