पूलच्या कडेला डासांचा सुळसुळाट : मदत हवी आहे

घराच्या मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल आहे. पाणी नितळ आहे, तळ स्पष्ट दिसतो, पंप रोज चालतो. क्लोरीन आणि पीएच मी स्वतः तपासते. तरीही दिवेलागणीला पूलपाशी बसवत नाही. आता तर सकाळीसुद्धा मुलं पोहून बाहेर आली की घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर चावे दिसतात. धाकट्याच्या अंगावर प्रत्येक चाव्याची मोठी गांधी उठते, रात्रभर खाजवत असतो. बघवत नाही.

धूरफवारणी करून झाली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. क्लोरीन वाढवलं तर अळ्या मरतील का? गप्पी मासे सोडता येतील का? पाण्यावर तेलाचा थर द्या, असंही कुणी सुचवलं. घरात कुत्रा आहे आणि कुंपणाला फुलझाडं आहेत, त्यांवर मधमाश्या येतात. त्यामुळे जितकं कमी विष वापरावं लागेल तितकं बरं. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आधी तिन्ही उपायांबद्दल. पूलमध्ये साधारण १ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) क्लोरीन असतं. तेवढ्याने अळ्या मरतीलच याची खात्री नाही, कारण अळी हवेसाठी पृष्ठभागावर येते, पाण्यातून श्वास घेत नाही. आणि अळ्या मराव्यात म्हणून क्लोरीन वाढवत नेलं तर मुलांचे डोळे आणि त्वचा आधी चुरचुरतील. गप्पी मासे क्लोरीनच्या पाण्यात तगणार नाहीत. तेल फिल्टरमध्ये जाऊन बसेल आणि पाणी पोहण्याच्या लायकीचं राहणार नाही. तिन्ही सोडून द्या.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सकाळचे, घोट्यावरचे चावे. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे बहुधा एडिस जातीचा. हा फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा जन्मला त्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तो तुमच्या अंगणात किंवा अगदी शेजारी तयार होतोय. संध्याकाळचे डास बहुधा क्युलेक्स या दुसऱ्या जातीचे. ते घाण, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि बरंच अंतर उडून येऊ शकतात. तेव्हा तुम्हाला एक नाही, दोन वेगवेगळ्या जागा शोधायच्या आहेत, आणि माझ्या मते त्यातली एकही जागा पूलचं पाणी नाही. पंपाने हलत्या राहणाऱ्या, गाळल्या जाणाऱ्या पाण्यात अळ्यांना खायलाही मिळत नाही आणि स्थिर राहताही येत नाही. (पंप बरेच दिवस बंद राहून पाणी हिरवं झालं तर मात्र तोच पूल डासांचा कारखाना होतो.)

खात्री करायची असेल तर एक पांढरी वाटी आणि टॉर्च घ्या. पाण्यावर सावली पडली की अळ्या तळाला बुडी मारतात, म्हणून हळूच जा. वाटी काठाशी तिरकी बुडवा, थोडं थांबा. अळ्या असतील तर वळवळताना दिसतील. पूल झाला की पूलभोवतालचं सगळं तपासा : कडेच्या फरशीतली जाळीची गटारं, ओव्हरफ्लोची पन्हळ, पंपाच्या खड्ड्यातलं पाणी, फिल्टर उलटा धुतल्यावर पाणी जिथे सोडता तो खड्डा, छत्रीचा पोकळ पाया, उघड्या तोंडाचे कुंपणाचे पाइप, मुलांची पाण्यातली खेळणी, कुंड्यांखालच्या थाळ्या. पूलवर कव्हर घालत असाल तर त्याच्या घड्या पहिल्यांदा बघा. खालचं पाणी औषध घातलेलं आणि वर घडीत साचलेलं पावसाचं पाणी बिनऔषधाचं, पालापाचोळा कुजलेलं. डासांना याहून चांगली जागा नाही.

उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून ही फेरी दर आठवड्याला हवी. आणि नुसतं पाणी ओतून देऊ नका, भांडं आतून घासा. एडिस पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. ज्या खड्ड्याचं पाणी काढताच येत नाही तिथे बीटीआय वापरा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. अळीने तो खाल्ला की त्यातलं विष तिच्या आतड्यात काम करतं. कुत्रा, मासे, मधमाश्या यांना त्याचा त्रास नाही. वड्या किंवा दाणे मिळतात, मात्रा वेष्टनावर असते तीच पाळा. एक लक्षात ठेवा : कोष झालेला डास काही खात नाही, त्यामुळे कोषांवर याचा परिणाम होत नाही. टाकल्यावरही थोडे दिवस नवे डास उडताना दिसले तर औषध फसलं असं समजू नका.

धुराचं म्हणाल तर तो फक्त त्या वेळी उडत असलेल्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय फुलांवर बसलेल्या मधमाश्याही मरतात. तुमच्याकडे फुलझाडं आहेत म्हणून मुद्दाम सांगते.

प्रतिसाद

हे सगळं होईपर्यंत मुलांसाठी : बसायच्या जागी मोठा टेबल फॅन लावा, पण पाण्यापासून पुरेसा दूर आणि वायर सुरक्षित ठेवून. डास उडण्यात दुबळा असतो, वाऱ्यात टिकत नाही. शिवाय ज्या उच्छ्वासाच्या मागावर तो येतो तोही पांगतो. डीईईटी किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम मुलं पोहून, अंग पुसून झाल्यावर लावा. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, मलम नंतर. कुत्र्याला माणसांचं मलम अजिबात लावू नका. अल्ट्रासोनिक यंत्रांवर पैसे घालवू नका, त्यांनी डास पळत नाहीत. निळ्या दिव्याच्या सापळ्यात मरतात ते बहुतेक दुसरेच कीटक.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटी घेऊन फिरले. पूलमध्ये एकही अळी नाही. फरशीच्या गटारात, जाळीखाली पाणी तुंबलं होतं, त्यात भरपूर. छत्रीच्या पायातही. दोन्ही रिकामं करून ब्रशने घासलं. पण गटाराला उतारच नाही, पाणी पुन्हा साचणार. तिथे बीटीआय टाकलं तर ते पूलमध्ये जाईल का? आणि चावे कमी व्हायला किती वाट बघू?

प्रतिसाद

गटाराचं पाणी बाहेर जात असेल तर खुशाल टाका. ते बॅलन्स टँकमधून (पूलमधून सांडलेलं पाणी साठवणारी टाकी) परत पूलमध्ये येत असेल तर टाकू नका, उताराची दुरुस्तीच करून घ्या. तोवर आठवड्यातून एकदा जाळी उचलून पाणी उपसा आणि गटार घासा.

आत्ता उडत असलेल्या माद्या अजून दोन-तीन आठवडे जगू शकतात, तेवढा धीर धरा. सकाळचे चावे आधी कमी होतील. त्यानंतरही संध्याकाळचे तसेच राहिले तर संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप (वायू बाहेर सोडणारा उभा पाइप) बघा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा आणि टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. क्युलेक्स बऱ्याचदा तिथूनच येतात.